मागे न घेता आलेलं अनुमोदन

अमरावतीत सभा कुणाचीही असो, सुरुवात एकाच पद्धतीनं होते. एक जण उठतो आणि म्हणतो, आजच्या सभेचं अध्यक्षपद अमक्या साहेबांनी स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो. मग दुसऱ्यानं उठून म्हणायचं, या सूचनेला माझं अनुमोदन आहे. मग टाळ्या. साहेब आधीच मधल्या खुर्चीत बसलेले असतात, त्यांचं नाव पत्रिकेवर कधीचं छापलेलं असतं, तरी हे दोन जण बोलल्याशिवाय ते अध्यक्ष होत नाहीत. मला हे सगळं नाटक वाटायचं. मी नववीत शाळा सोडलेली बाई. सभा कशी चालते ते मोर्च्यात शिकले, आणि तिथं अध्यक्ष तोच ज्याचा आवाज मोठा.

देवमन सिरसाटांना मात्र ते नाटक वाटत नव्हतं.

फ्रेजरपुऱ्यात त्यांचं माईकचं दुकान आहे. जयंती, लग्न, साखरपुडा, शोकसभा, कवींचं संमेलन, पतसंस्थेची सभा, काहीही असलं तरी माईक त्यांचा. आणि माईकवाला सभागृहात सगळ्यांत आधी येतो, सगळ्यांत शेवटी जातो. त्यामुळे ऐन वेळी अनुमोदन देणारा आला नाही, चहा प्यायला गेला, किंवा कुणाला द्यायला सांगायचं हेच आयोजक विसरले, की सगळ्यांच्या माना देवमनभाऊंकडे वळत. ते माईकच्या खोक्याजवळून उठत, शर्ट खाली ओढत, आणि असं अनुमोदन देत की वाटावं साहेबांना आता खरोखर कुणीतरी निवडून दिलं. गावात लोक गमतीनं म्हणत, माईक देवमनचा, अनुमोदन फुकट.

मी एकदा त्यांना म्हटलं, "देवमनभाऊ, कोणीही उभा राहिला की तुम्ही अनुमोदन देता. कणा आहे की नाही तुम्हाला?"

"काहून चिडता ताई? मानूस काय सोता खुर्चीवर बसते का? लोकायनं बस म्हटलं तं बसते. त्याले उभं ठेवून गंमत पाहायची, हे चांगलं नाई दिसत."

त्यांच्या या म्हणण्यामागे एक गोष्ट होती आणि ती मला त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी सांगितली. मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. देवमनभाऊ तेव्हा नववीत. पाहुणे म्हणून पंचायत समितीतले एक साहेब आलेले, बौद्ध समाजातले, शिकून वर आलेले. हेडमास्तरांनी सूचना मांडली. अनुमोदन द्यायला कुणी उठेचना. पुढच्या रांगेत गावचे मोठे लोक. कुणी उपरणं झटकतोय, कुणी शेजाऱ्याशी पेरणीचं बोलतोय. साहेब हात जोडून उभे आणि बसावं की नाही ते त्यांना कळेना. तेव्हा पोरांच्या रांगेतून देवमन ओरडला, "माझं अनुमोदन!" पोरं हसली, साहेब बसले. त्या हंगामात देवमनच्या बापाला गावात कुणी कामाला सांगितलं नाही.  तरी बापानं पोराला कधी बोल लावला नाही.

हे ऐकल्यावर मी देवमनभाऊंना कण्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.

आता माया. हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव मी लिहिणार नाही आणि तिच्या देशाचंही लिहिणार नाही, कारण तिची आई अजून तिकडंच आहे. ती इथं विद्यापीठात शिकायला आली आणि देवमनभाऊंच्या दुकानावरची खोली तिनं भाड्यानं घेतली. तिचं नाव पंचफुलाबाईंच्या जिभेवर बसेना. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मी तुले माया म्हणतो. चालते का?" चाललं. पोरगी पुस्तकातून मराठी शिकायला आली होती, आणि शिकली पंचफुलाबाईंच्या चुलीजवळ. विद्यापीठातल्या मॅडमना ती एकदा म्हणाली, "मले समजून नाई राहिलं, पुन्हा सांगता का?" मॅडमनी कपाळाला हात लावला. घरी येऊन हे सांगितलं तर देवमनभाऊ आठवडाभर गिऱ्हाईकांना सांगत सुटले, "आमची पोट्टी मॅडमले वऱ्हाडी शिकवून राहिली."

त्यांना मूलबाळ नाही. हे मी वेगळं सांगायला नको, पण सांगून ठेवते.

मायाला एक धाकटा भाऊ. पंधरा वर्षांचा. शाळेसमोर पोरांनी घोषणा दिल्या, त्यात तो होता. पोलिसांनी उचलला, तो परत आलाच नाही. त्या सरकारच्या भाषेत तो सुधारगृहात आहे. आई रोज त्या फाटकाशी जाऊन बसते. कधी कपडे आत घेतात, कधी फेकून देतात. घेतले की समजायचं पोरगा जिवंत आहे. माया म्हणायची, ज्याचं नाव बाहेर कुणीतरी घेत राहतं, त्याला आत जरा जपून मारतात. हे ती आमच्या वऱ्हाडीतच म्हणायची, आणि म्हणून ते जास्त लागायचं.

गेल्या वर्षी देवमनभाऊ सकाळीच माझ्या दारात आले. हातात एक गुळगुळीत पत्रिका. आमच्याकडे एक बालहक्क मंडळ आहे, ललितभाऊ त्याचे कार्याध्यक्ष. वर्षातून एकदा चित्रकला स्पर्धा, एकदा रॅली, आणि बाकी वर्षभर फोटो. मंडळाच्या वार्षिक सभेत मानद अध्यक्ष म्हणून एका राजदूताची निवड होणार होती. दिल्लीहून येणार. कारण काय, तर त्या राजदूताला मुलांच्या हक्कांच्या कुठल्याशा जागतिक परिषदेचं अध्यक्षपद मिळालेलं. देशांच्या पाळीपाळीनं ते मिळतं, त्यांची पाळी आली. तेव्हाही जगभर लोकांनी हरकत घेतली होती. इकडे ललितभाऊंना वाटलं, एवढा मोठा माणूस आपला अध्यक्ष झाला तर परदेशवाऱ्यांची सोय झाली.

"ताई, माईकची आर्डर आली म्हणून पत्रिका वाचली. हा आपल्या मायाचाच देश हाय ना?"

होता.

मायाला दाखवली तर तिनं फोटोवर बोट ठेवलं. या माणसाला ती ओळखत होती. त्या जागतिक परिषदेत त्यानं भाषण केलं होतं, आमच्या देशात एकही मूल तुरुंगात नाही. ते भाषण त्यांच्या टीव्हीवर लागलं तेव्हा तिची आई फाटकाशी बसलेली होती.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काळे झेंडे. शंभर पोरं आणते. गाडी सभागृहापर्यंत पोचू देत नाही.

"नको ताई," माया म्हणाली. "झेंडा आला का कॅमेरा येते. मंग ते पाह्यतात, तिथं कोन शिकते आपल्या देशातलं. मंग आईकडे जातात."

मी झेंड्यांचं सोडलं. मला गप्प करणारी माणसं फार नाहीत. मग डोकं चालवलं. झेंडेवाल्याला पोलीस गाडीत घालतात. गप्प बसलेल्या माणसाला कोणत्या कलमात उचलणार? मंडळाच्या घटनेत लिहिलंय, अध्यक्षाची निवड सभेत, सूचना आणि अनुमोदनानं. अनुमोदनच मिळू द्यायचं नाही. सूचना मांडली जाईल, आणि पुढं कुणी उठणार नाही. त्या शांततेत एकानं उठून, शांतपणे, सभासद म्हणून हरकत नोंदवायची. झालं. डाव माझा होता आणि चांगला होता, हे मी आजही म्हणते.

पत्रिकेवर अनुमोदक म्हणून अकोल्याच्या वामनरावांचं नाव होतं, निवृत्त मुख्याध्यापक. मी अकोल्याला गेले. त्यांनी चहा दिला आणि घटना समजावून सांगायला लागले.

"गुरुजी," मी म्हटलं, "पोरांना कोंडणाऱ्याच्या नावाला तुम्ही हात वर करणार? पस्तीस वर्षं पोरं शिकवली तुम्ही."

"तुम्ही लय तोंडाळ बाई आहात."

"आहे. मग?"

त्यांनी पत्रिका चष्म्याजवळ नेली, लांब धरली. आत त्यांची नात अभ्यास करत होती, तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "त्या दिवशी माझा गुडघा दुखेल. दुखतोच तसा तो."

बाकी सभासद पंधरा-वीस. दारोदार फिरले. कुणी पटून, कुणी माझ्या तोंडाला भिऊन कबूल झालं. आता उठून बोलणारा हवा होता. मी मंडळाची सभासद नाही. मला ते कधी घेणार नाहीत. देवमनभाऊ होते. दरवर्षी माईक फुकट देत म्हणून ललितभाऊंनी त्यांना सभासद करून टाकलेलं.

"मी बोलतो पोरी," ते मायाला म्हणाले. मी विचारायच्या आधी म्हणाले, हे खास सांगते. "तुह्या भावाचं नाव मी घेत नाई, तुले भेव हाय तं. पन लेकरायचं म्हणतो."

वाक्य तिनं आणि त्यांनी मिळून केलं. ज्या सरकारनं लेकरं तुरुंगात टाकली, त्याचा माणूस लेकरांच्या मंडळावर आम्हाला नको. माझी हरकत लिहून घ्या. एवढंच. दुकानात बंद माईकसमोर उभं राहून ते पाठ करत. पंचफुलाबाई आतून म्हणत, "हरकत जोरात म्हना ना, पोटात काहून ठेवता?" माया हसत असे. तिच्या देशातून पळून गेलेले लोक बाहेर एक पत्र काढतात. त्यांना तिनं कळवून ठेवलं होतं. भारतातल्या एका गावच्या सभेनं या माणसाला अध्यक्ष मानलं नाही, अशी बातमी ते छापणार होते, आणि तिच्याखाली आत असलेल्या मुलांची नावं. भावाचंही, इतक्या नावांत एक, म्हणजे ते कुणी सुचवलं हे कळणार नाही.

सभेच्या दिवशी सभागृह भरलेलं. शाळेची पोरं कागदी फुलं घेऊन बसवलेली. मी मागं उभी. माया माझ्याजवळ, तोंडाला स्कार्फ. आमच्याकडे उन्हाचा सगळ्याच पोरी बांधतात. देवमनभाऊ व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, खोक्याजवळ, इस्त्रीचा शर्ट घालून.

राजदूत आला. मी राक्षस मनात धरून गेले होते. आला तो म्हातारा माणूस. केस पांढरे, अंगानं वाळका, पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घेणारा. याचा मला जास्तच राग आला.

मंडळाच्या सचिव प्राजक्ता मॅडमनी सूचना मांडली. इंग्रजीतही मांडली, म्हणजे पाहुण्यांना कळावं. पाहुणे उठले. हात जोडले. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं असेल, टाळ्या झाल्या की बसायचं.

टाळ्या झाल्या नाहीत.

ललितभाऊंनी वामनरावांची खुर्ची पाहिली. रिकामी. सभासदांच्या रांगेकडे पाहिलं. एक जण चष्मा पुसायला लागला, एक जण पत्रिका उलटीकडून वाचायला लागला. पोरं चुळबुळायची थांबली. पंखे ऐकू येत होते. मी आयुष्यात पुष्कळ घोषणा दिल्या, पुष्कळ ऐकल्या, पण तेवढी मोठी घोषणा मी ऐकली नव्हती. मायानं माझा हात धरला.

म्हातारा उभाच. हात जोडलेलेच. हसू होतं, ते हळूहळू कसनुसं झालं. त्यानं बसायला म्हणून गुडघा वाकवला आणि मध्येच थांबला, बसू की नको. एक हात खुर्चीची पाठ शोधायला लागला.

तेव्हा देवमनभाऊ उठले. मी मनात म्हटलं, आता. त्यांनी शर्ट खाली ओढला. माईक हातात घेतला. म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"या सूचनेला," ते म्हणाले, स्वच्छ, मोठ्या आवाजात, पोटात काही न ठेवता, "माझं अनुमोदन आहे."

टाळ्या अशा पडल्या की छत जावं. लोकांना सुटल्यासारखं झालं. पोरांनी कागदी फुलं उडवली. म्हातारा बसला आणि बसता बसता त्यानं देवमनभाऊंकडे मान वाकवली. आणि देवमनभाऊंनी माईक धरूनच उलट हात जोडले. तोंडावर केवढं समाधान! एक क्षणभरच. मग त्यांनी हातातल्या माईककडे पाहिलं, आणि चेहरा कोरा झाला.

मी ओरडले, हरकत आहे! माझा आवाज लहान नाही. पण टाळ्या चालू होत्या, आणि त्या थांबल्यावर ललितभाऊ हसून म्हणाले, "ताईंचं नेहमीचंच. त्या सभासद नाहीत." सगळे हसले. मी वळून पाहिलं तर माया निघून गेलेली.

राजदूत मुलांच्या हसण्याबद्दल बोलला.

बाहेर मी देवमनभाऊंना रस्त्यात गाठलं आणि नको नको ते बोलले. लोक थांबून पाहत होते. ते ऐकत राहिले. मी दमल्यावर म्हणाले, "ताई, मले राजदूत नाई दिसला. उभा असलेला मानूस दिसला. तोंडातून निघून गेलं."

"निघून गेलं? पाठ केलं होतं तुम्ही!"

"हाव. ते बी पाठच होतं. हे जुनं पाठ होतं."

माया रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी खाली जेवायला आली, भाकर मोडली, म्हणाली, "बाबा, तुमी काहून नाई जेवून राहिले?" 

दोन दिवसांनी फोटो आला. वकिलातीच्या पानावर, आणि मग त्यांच्या देशातल्या टीव्हीवर. हात जोडलेले देवमनभाऊ, चेहरा उजळलेला. भारतातल्या सामान्य नागरिकानं स्वतःहून पाठिंबा दिला, असं खाली. मायाच्या आईनं ते पाहिलं. तिनं लेकीला फोन करून एवढंच विचारलं, हे तर तुझे तिथले बाबा ना? तू पाठवलेल्या फोटोतले? मायानं हो म्हटलं. आईनं फोन ठेवला.

देवमनभाऊ ललितभाऊंच्या घरी गेले. मीही गेले, बाहेर थांबते या अटीवर. दार उघडंच होतं.

"साहेब, मले माह्यं अनुमोदन वापस घ्यायचं हाय."

"देवमन, अनुमोदन म्हणजे काय भाड्याचा माईक आहे का, कार्यक्रम झाला की उचलून न्यायला?"

"चुकीनं देल्लं साहेब."

"अरे पण किती छान दिलंस! साहेबांनी दिल्लीहून फोन केला, तो माणूस कोण म्हणून. सभा संपली, विषय संपला. चहा घेतोस?"

त्यांनी चहा घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरचा चहा नाकारला असेल.

मग ते मला म्हणाले, तुमच्या मोबाईलवर व्हिडिओ घ्या. दुकानासमोर उभे राहिले. मी देवमन सिरसाट, राहणार अमरावती, माझं अनुमोदन मी मागे घेतो. ज्या सरकारनं लेकरं तुरुंगात टाकली, त्याचा माणूस लेकरांच्या मंडळावर आम्हाला नको. माझी हरकत लिहून घ्या. एका दमात, एकही शब्द न चुकता. सभेत जे व्हायला हवं होतं ते भर दुपारी, दुकानाच्या पायरीवर झालं. मी ते नेटवर टाकलं. बाहेरच्या त्या पत्रवाल्यांनी उचललं, त्यांच्या भाषेत मजकूर घालून फिरवलं. खाली मुलांची नावं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पोचलं.

चौथ्या दिवशी माया खाली आली ती बातमी घेऊनच. आईला तिकडच्या सरकारी कार्यालयात बोलावून घेतलं होतं. हा मनुष्य कोण, आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मध्ये कुणी शिकवलं? तुझी मुलगी त्याच गावात आहे ना? आई म्हणाली, मला माहीत नाही. त्यांनी तिला सोडलं. पण त्या दिवसापासून फाटकावर कपडे घेत नाहीत. पोराला दुसरीकडे हलवलं, म्हणतात. कुठं ते सांगत नाहीत.

तो व्हिडिओमुळे हलवला का, की तसाही हलवणार होते, हे आम्हाला कधी कळणार नाही. मी वाद घालू शकते, आणि जगात वाद मलाच जास्त येतो. पण मी घातला नाही.

"तो व्हिडिओ काढून टाका ताई," माया म्हणाली.

मी मोबाईल काढला. देवमनभाऊ म्हणाले, "मले द्या. कुठी दाबू ते सांगा." मी दाखवलं. खरंच काढायचं का, असं मोबाईलनं विचारलं, तेही मी वाचून दाखवलं. त्यांनी दाबलं. बाहेरच्या लोकांनीही आपल्याकडचा काढला, मायानं कळवल्यावर. आता शोधलं तर सापडतो तो फक्त वकिलातीच्या पानावरचा फोटो.

माया परीक्षा होईपर्यंत मैत्रिणींसोबत शहरातल्या कॅम्प भागात राहायला गेली. तिच्यासाठी तेच बरं होतं, पत्ता बदललेला. सामान देवमनभाऊंच्याच ऑटोतून गेलं. रविवारी ती फ्रेजरपुऱ्यात जेवायला येते, अजून. पंचफुलाबाई तिच्या आवडीची अंबाडीची भाजी करतात, मलाही बोलावतात. गप्पा होतात, विद्यापीठातल्या मॅडमच्या नकला होतात. त्या सभेबद्दल कुणी बोलत नाही. देवमनभाऊ आता सभांचं काम घेत नाहीत. लग्नं, वाढदिवस, जयंती. ललितभाऊंचा माणूस आला की पंचफुलाबाई सांगतात, अकोल्याला गेले.

जेवताना मायाचा फोन वाजला, की देवमनभाऊ ताटावरून उठतात आणि हात न धुता अंगणात जाऊन उभे राहतात, घराकडे पाठ करून. ती आत काय बोलते ते त्यांना कळत नाही. ती भाषा त्यांना येत नाही. तरी ऐकत राहतात. फोन संपला की पंचफुलाबाई दारात येतात, आणि फोन कुणाचाही असो, तेच सांगतात.

"या आत. कालेजातून होता. भाकर थंडी होऊन राहिली."